चार फिल्टर घेतले, बॅगेत एकच राहिला

ब्लॅक अँड व्हाइट फोटोसाठी पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असा लेन्सवर फिरवून बसवायच्या रंगीत काचांचा स्क्रू-इन सेट ऑनलाइन मागवला (काच आपल्या रंगाच्या गोष्टी उजळ करते, विरुद्ध रंगाच्या गडद), ५२ एमएम व्यासाच्या लेन्ससाठी, चारही मिळून १४०० रुपये. काच ठीकठाक आहे, डबी छान आहे, पण थ्रेड, म्हणजे फिरवून बसवायचे आटे, एकदम भंगार. दीड महिना वापरून लिहितोय.

पहिली ट्रिप राजगड. ऑक्टोबरचं निळंशार आभाळ, पांढरे ढग, म्हटलं लाल लावू आणि आभाळ काळंकुट्ट करू. झालं पण तसं, फक्त लाल लावला की तीन स्टॉप उजेड जातो (आठातला एकच भाग उरतो) त्यामुळे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वर न्यावी लागली, ऑटोफोकस चाचपडत बसला, आणि कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप सावरणारी सेटिंग) तो लाल रंग पुसायला बघतंय ते वेगळंच (डेलाइटवर लॉक करा, नाहीतर स्क्रीनवर काय दिसतंय त्याचा पत्ता लागत नाही). सकाळी धुकं होतं, कुठेतरी ऐकलेलं की लालने धुकं कापतं, काही कापत नाही! धुक्याचे थेंब मोठे असतात, ते सगळे रंग सारखेच पसरवतात. दुपारी लांबच्या तोरण्यावर जो निळसर धुरकटपणा येतो ना, तो मात्र मस्त कमी झाला.

घरी येऊन मोठं करून बघितलं तर डिटेल गायब. कारण साधं आहे, आपल्या नेहमीच्या सेन्सरवर दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लाल फिल्टर लावला की खरं काम फक्त ६ मेगापिक्सेल करतात, बाकीचे जवळपास अंधारात. वर लाल चॅनल कधी जळाला, म्हणजे जास्त उजेडाने त्यातलं डिटेल कधी गेलं, ते साध्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) कळतही नाही, तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबीवाला बघावा लागतो.

हिरवा मी आज्जीच्या पोर्ट्रेटला लावला. कुंकू कोळशासारखं काळं, गालावरचे डाग दुप्पट, आज्जी म्हणाली हा कोणाचा फोटो रे. मग लाल लावला तर त्वचा एकदम गुळगुळीत आणि कुंकूच गायब! ते तर तिला अजिबात चाललं नाही. शेवटी फिल्टर काढून साधा रॉ (कॅमेऱ्याची कच्ची रंगीत फाइल) काढला आणि कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल स्लायडर (तो रंग किती उजळ-गडद ते ठरवणारी पट्टी) थोडा खाली घेतला, कुंकू हवं तेवढं गडद, नारिंगीला हात लावला नाही त्यामुळे त्वचा तशीच. काचेला हे जमणार नाही, ती एकदा लावली की लावली.

मग फिल्टर घ्यायचेच नाहीत का? आभाळासाठी निळा स्लायडर फार खेचला की दाणे येतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तिथे नारिंगी कामाला येतो. लालइतका उजेड खात नाही, ढग उठून दिसतात, म्हणून तो बॅगेत आहे. पिवळा डिजिटलवर लावला काय न लावला काय, मी तो बाबांच्या फिल्म कॅमेऱ्याला देऊन टाकला, तिथे तो शोभतो. आणि ज्यांच्याकडे लायका मोनोक्रोम किंवा २०२३ चा पेंटॅक्स मोनोक्रोम, असा फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढणारा कॅमेरा आहे त्यांनी माझं काही ऐकू नका, त्या सेन्सरवर रंगच नाही, नंतर स्लायडर ओढून काही होत नाही, तुम्हाला काचच लागणार. पण मग १४०० वाली नका घेऊ.

पाचपैकी अडीच. अर्धा कापलाय तो लालसाठी, तो स्टेप-अप रिंगमध्ये (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची रिंग) अडकून बसलाय, रबर बँड गुंडाळून दोन दिवस पिळतोय, निघत नाहीये.