इंटरनेट फोनचे आठ महिने: नेट १०० चं, तरी ‘हॅलो, हॅलो’

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे, पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं. गिऱ्हाईक बहुतेक घोडबंदर रोडच्या सोसायट्या. सकाळी टाकी रिकामी दिसली की सेक्रेटरी पहिला फोन आम्हाला लावतात, त्यामुळे साडेआठ ते अकरा फोन बंद पडून चालत नाही. जुनी तांब्याची लाइन पावसात तिसऱ्यांदा गेली तेव्हा इंटरनेट फोन बसवला: एक पीबीएक्सची पेटी (ऑफिसचं छोटं एक्स्चेंजच), नेटवर चालणारे सहा आयपी फोन आणि चार चॅनेलची सिप ट्रंक, म्हणजे एका वेळी बाहेरचे चार कॉल नेटवरून चालवणारी लाइन. आज विचाराल तर परत घेईन. पण पहिल्या तीन महिन्यांत ती पेटी खिडकीतून फेकावीशी वाटली होती, एकदा नाही, दोनदा.

पहिलं दुखणं आवाजाचं. समोरचा म्हणायचा, ‘तुमचा आवाज तुटतोय’, आणि आम्हाला मात्र त्याचं बोलणं खणखणीत ऐकू यायचं. बसवून देणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: नेटचा प्लॅन वाढवा. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, अपलोड २०. मग मीच कागद-पेन घेतलं. जी-७११ कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलायची एक पद्धत) एका कॉलचा आवाज ६४ केबीपीएस, सेकंदाला ५० पॅकेट म्हणजे आवाजाचे तुकडे, प्रत्येकाचं वेष्टण धरून एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस. चारही चॅनेल चालू असले तरी साडेतीनशे. २० एमबीपीएससमोर, म्हणजे २०,००० केबीपीएससमोर, हे म्हणजे दर्यामें खसखस!

तक्रारी यायच्या त्या अकराच्या सुमारास. त्याच वेळी हिशेबाच्या कॉम्प्युटरचा बॅकअप क्लाउडवर चढायचा. तेव्हा पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते) लावून बघितलं, तर एरवी ९ मिलिसेकंद असणारा आकडा ४०० च्या वर. वेग कमी नव्हताच, रांग लांब होती. घोडबंदरला ट्रेलरच्या मागे अँब्युलन्स अडकते ना, अगदी तसं. एका बाजूच्या आवाजाला दीडशे मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर जाणवत नाही, त्यापुढे दोघंही एकदम बोलायला लागतात.

बॅकअप रात्री दोनला ढकलला, आणि राउटरमध्ये अपलोड मुद्दाम १७ वर बांधून आवाजाच्या पॅकेटना पहिला नंबर दिला. पॅकेटवर फक्त डीएससीपी ४६ चा, म्हणजे ‘हे तातडीचं’ असा शिक्का मारून भागत नाही. आपल्या राउटरच्या बाहेर त्या शिक्क्याला कुणी विचारेल याचा भरवसा नाही, म्हणून रांग लागायचीच असेल तर ती आपल्याच दारात लागावी.

मधे एकाच्या सल्ल्यावरून जी-७२९ (आवाज जास्त दाबणारा कोडेक) करून बघितलं. कॉल २४-३० केबीपीएसमध्ये मावतो हे खरं, पण बँकेच्या आयव्हीआरला (‘अमक्यासाठी एक दाबा’ सांगणारं यंत्र) आमची बटणंच कळेनात. टोन आवाजातूनच जात होता आणि दाबलेल्या आवाजात त्याचा चुरा होत होता. दोन दिवसांत परत जी-७११.

काही कॉल बरोब्बर ३२ सेकंदांनी कटायचे. हा आकडा उगाच नाही. कॉल उचलल्याची पोच परत आली नाही तर सिपचा (नेटवर कॉल जोडायच्या नियमांचा) टायमर तेवढाच वेळ वाट बघतो. राउटरमधलं ‘सिप एएलजी’ नावाचं सेटिंग सिपच्या निरोपांतल्या पत्त्यांची मोडतोड करत होतं. ते बंद केलं आणि त्या दिवसापासून तो प्रकार गेला. कंपनीच्या हेल्पलाइनवर ही एवढी गोष्ट कळायला मला नऊ दिवस लागले, आणि सांगितली ती तिसऱ्या माणसाने.

कॉल कुठे वळतो, ही वेगळीच पिडा. सुरुवातीला सकाळी दहाला फोन करणाऱ्याला ‘ऑफिस बंद आहे’ ऐकू यायचं आणि संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर रिसेप्शनवरचा फोन खणखणत राहायचा. पेटीचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होतं, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. साडेआठला उघडणारं आमचं ऑफिस पेटीच्या हिशेबाने दुपारी दोनला उघडत होतं.

बाहेर मोबाइल लागत नव्हते त्याचं कारण आणखी साधं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो, आणि आमच्या ट्रंकलाही तेच हवं होतं. दहा आकडी नंबर असेल तर पेटीनेच शून्य जोडावा, असा नियम टाकला. रिसेप्शनवरच्या ताईंची रोजची कटकट संपली.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट मात्र नेटची नव्हतीच. फोन उचलला नाही तर तो मेकॅनिकच्या मोबाइलवर जावा अशी सोय केली होती. असा वळवलेला एक कॉल दोन चॅनेल खातो, एक आत येणारा, एक बाहेर जाणारा. दोन कॉल वळले की चार चॅनेल भरले, तिसऱ्या सोसायटीला एंगेज टोन. आम्ही मात्र महिनाभर नेटवाल्याला शिव्या घालत बसलो. आता सहा चॅनेल आहेत, आणि मोबाइलवर गेलेला कॉल मेकॅनिकने १ चं बटण दाबल्याशिवाय जोडला जात नाही. नाहीतर एखाद्या मेकॅनिकचा व्हॉइसमेलच गिऱ्हाइकाशी बोलत बसतो.

वीज गेली की फोनही जातो, हे तांब्याच्या लाइनला नव्हतं. राउटर, स्विच आणि पेटी यूपीएसवर घ्या, तो खर्च कोटेशनमध्ये कुणी दाखवत नाही. पाचपैकी साडेतीन तारे.