छत्री की ऑपरेशन? एएसडीचं छिद्र बंद करण्याआधी

मुलाच्या टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये एएसडी, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र निघालंय आणि डॉक्टर म्हणालेत, ‘दोन्ही होऊ शकेल, तुम्ही ठरवा’, अशा आईवडिलांसाठी हे लिहितोय. आमच्या घरात दोन्ही झालं. ताईच्या मुलीचं सातव्या वर्षी ओपन हार्ट झालं, माझ्या मुलीला सहाव्या वर्षी छत्री, म्हणजे छाती न उघडता शिरेतून नेऊन छिद्र बंद करणारी जाळी, बसवली.

भाचीला तसा पर्याय नव्हता. तिचं छिद्र सायनस व्हेनोसस प्रकारचं, वरच्या महाशिरेच्या तोंडाशी. तिथे छत्रीला धरायला कडाच नसते. शिवाय उजव्या फुप्फुसाची एक शीर डाव्याऐवजी उजव्या कप्प्यात उघडत होती. माझ्या मुलीचं सेकंडम प्रकारचं, पडद्याच्या मधोमध, कडा भरपूर. म्हणून आम्हाला निवडता आलं.

ऑपरेशनवर माझा अविश्वास नव्हता, आजही नाही. १९५३ साली डॉ. गिबन यांनी हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र) लावून जे पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, ते याच छिद्राचं. इतका मुरलेला मार्ग आहे हा. भाचीही आठवड्यात घरी आली.

माझा निर्णय झाला तो पुढच्या दीड महिन्यात. छातीचं हाड जुळेपर्यंत तिला बगलेत हात घालून उचलायचं नाही, हात धरून ओढायचं नाही. आजी प्रेमाने उचलायला वाकली की ताई स्वयंपाकघरातून धावत यायची. धाकटा अंगावर उडी मारेल म्हणून त्याला आजोळी पाठवलं. सायकल बंद, रिक्षातल्या प्रत्येक खड्ड्याला ताईचा हात पोरीच्या छातीवर. माझी मुलगी एका जागी बसणारी नाही. तिला दीड महिना असं जपणं आम्हाला झेपलं नसतं.

छत्री जांघेतल्या शिरेतून गेली. तिसऱ्या दिवशी घरी, दहाव्या दिवशी शाळा. फक्त धावणं-खेळणं काही आठवडे बंद. सहा महिने ॲस्पिरिन होती. तेवढ्या काळात ताप किंवा कांजिण्या आल्या, तर ती गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यायची, हे आम्ही फ्रिजवर लिहून ठेवलं होतं.

छत्रीचीही एक बाजू आहे. निकेल-टायटॅनियमची जाळी आयुष्यभर आत राहते. निकेलची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. क्वचित, अगदी काही वर्षांनीही, ती शेजारच्या भिंतीला घासू शकते. म्हणून इको चुकवायची नाही, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थेट हॉस्पिटल गाठायचं. ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा हृदयाच्याच आवरणाचा तुकडा लावतात, त्यामुळे ही काळजी राहत नाही. ज्यांना हे मनातून जाणार नाही, त्यांनी ऑपरेशन निवडलं तर मी चूक म्हणणार नाही.

पण कडा चांगल्या असतील तर माझा कल छत्रीकडे आहे. रिपोर्टमध्ये कडांची मापं नसतील तर मागून घ्या, महाधमनीकडची आणि खालची तर नक्कीच. छिद्र शाळेच्या तपासणीत सापडलं असेल, तर खर्चासाठी आधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे चौकशी करा.