लाँग क्यूटी: रोजची गोळी की छातीत आयसीडी?

पळता पळता पोरगी कोसळते, दोन मिनिटांत उठते. गावात त्याला फीट म्हणतात, कांदा हुंगवतात, आणि कित्येकदा मिरगीच्याच गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात. ईसीजीत क्यूटी, म्हणजे एका ठोक्यात हृदयाची वीज पसरून पुन्हा निवायला लागणारा वेळ, लांबलेला निघाला की आजार कळतो, लाँग क्यूटी, आणि नागपूरची वाट धरावी लागते. घरचे परततात ते एकच प्रश्न घेऊन: गोळ्या की यंत्र?

दोघांची कामं वेगळी आहेत. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी ठोके बिघडू नयेत म्हणून असते. आयसीडी हे छातीत कातडीखाली बसवायचं छोटं यंत्र, ते ठोके बिघडल्यावर झटका देऊन ताळ्यावर आणतं. त्यामुळे यंत्र बसवलं तरी गोळी सहसा सुटत नाही. लाखांचा खर्च करण्याआधी एवढं समजून घ्याच.

गोळी स्वस्त आहे. अडतं ते भलतीकडेच: पत्ता संपतो, आणि तालुक्याला जाणं बाजाराच्या दिवसावर ढकललं जातं. ही गोळी अशी मध्येच तुटणं धोक्याचं. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पळताना-पोहताना त्रास होणाऱ्या, या आजाराच्या पहिल्या प्रकारात ती सगळ्यात छान लागू पडते. मोठ्या आवाजाने दचकून किंवा झोपेत त्रास होणाऱ्यांत तिचा भरवसा काहीसा कमी.

आयसीडीची बॅटरी साधारण 7 ते 10 वर्षांत संपते, की पुन्हा शस्त्रक्रिया. लहान वयात बसवलं तर हे आयुष्यभराचं. यंत्राची तार तुटू शकते, गरज नसताना झटका बसू शकतो, आणि शुद्धीत बसलेल्या झटक्याची धास्ती पोरं लवकर विसरत नाहीत. आपल्याकडे आणखी एक: रानडुकरांसाठी धुऱ्यावर झटका मशीनची तार असते. तिला हात लागला तर यंत्राची गफलत होऊ शकते. वेल्डिंगपासूनही लांबच राहावं.

माझं मत स्पष्ट आहे. हृदय बंद पडून जो वाचला, किंवा गोळी नेमाने घेऊनही ज्याची शुद्ध हरपते, त्याने यंत्राला उशीर करू नये. क्यूटी 500 मिलिसेकंदांच्या वर असेल तर डॉक्टरांशी यंत्राबद्दल मोकळेपणी बोला. बाकी बहुतेकांनी आधी गोळीच.

काहीही निवडलं तरी अझिथ्रोमायसिन, ओन्डान्सेट्रॉन आणि पित्ताच्या गोळीतलं डॉमपेरिडोन टाळायचं. ही नावं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, गावातल्या डॉक्टरला सुई-गोळीआधी दाखवा. उन्हाळ्यात हगवण-उलटी लागली तर पोटॅशियम उतरतं, घरी थांबू नका. आणि सख्ख्या भावंडांचा, आईबापाचा ईसीजी याच आठवड्यात काढून घ्या.