तीस हजारांत गेमिंग पीसी: जुना बोर्ड ठेवायचा की नवा संच घ्यायचा?

२०१८-१९ च्या सुमारास जुळवलेला पीसी बहुतेक वेळा असा असतो: बी४५० बोर्ड, रायझेन ५ २६०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. आता हातात तीसेक हजार आहेत आणि नवे गेम अडखळतायत. एक मार्ग म्हणजे बोर्ड तसाच ठेवून त्यावरचे भाग बदलणं, दुसरा म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम सगळंच नवं घेणं. बोर्ड धड चालत असेल तर पहिलाच मार्ग घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या मार्गात पैसे संपतात आणि कार्ड जुनंच राहतं.

पण अडलंय कुठे हे दुकानात जाण्याआधी मोजा. कार्ड-प्रोसेसरचा वापर दाखवणारं एमएसआय आफ्टरबर्नर टाका, व्ही-सिंक (चित्रांचा वेग स्क्रीनला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करा, आणि नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसला तर कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसही कमी असतील, तर बहुधा प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो म्हणून फसू नका. गेमचा मुख्य भार एक-दोन थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरच्या कामाच्या वाटांवर असतो. ते भरले की बाकीचे रिकामे असून उपयोग नसतो. खात्री करायची तर ग्राफिक्स सेटिंग सगळ्यात खाली आणा. तरीही एफपीएस वाढले नाहीत तर दोष कार्डाचा नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो.

जुना बोर्ड आणि नवा संच

बी४५० वर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझेन ५ ५६०० बसतो. कोर तेवढेच, ६ कोर आणि १२ थ्रेड, पण २६०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) दोन तुकड्यांत विभागलेली होती, तर ५६०० मध्ये ३२ एमबी एकत्र आहे. गेममधला मोठा फरक त्यातून आणि नव्या कोरच्या वेगातून पडतो. प्रोसेसर ६५ वॅटचा आहे आणि खोक्यात कूलर येतो. दुकानदार स्वस्तात ५५०० दाखवेल. त्यातली कॅश १६ एमबीच आहे, म्हणून किमतीत हजार-दीड हजाराचा फरक असेल तर ५६०० घ्या. ५७०० आणि ५७००एक्स यांतही घोळ होतो. साध्या ५७०० मध्येही १६ एमबीच कॅश आहे, ५७००एक्समध्ये ३२.

नव्या संचात दोन पर्याय आहेत. इंटेल आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ रॅमचा एच६१० बोर्ड घेतला तर जुनी रॅम वापरता येते, आणि कार्डाला पीसीआयई ४.०, म्हणजे बोर्डाशी जोडणारा जास्त वेगवान मार्ग मिळतो. पण ५६०० च्या तुलनेत गेममध्ये डोळ्यांत भरेल असा फरक नाही, बोर्डाचे पैसे मात्र वेगळे. त्या सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची, वाटचालही १४ व्या पिढीवर थांबली आहे. दुसरा पर्याय एएमडीचा नवा सॉकेट एएम५, म्हणजे रायझेन ५ ७६०० वगैरे. पुढची काही वर्षं प्रोसेसर बदलता येईल असा हाच सॉकेट आहे. पण त्याला डीडीआर५ शिवाय चालत नाही, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की तीस हजारांत एएम५ घेतलं तर कार्डाला काही उरत नाही.

तुमच्याकडे डीडीआर३ चा चौथ्या पिढीचा आय५ असेल तर मात्र बोर्ड वाचवण्यात अर्थ नाही. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तिथे १२४००एफचा संच आधी घ्या, कार्ड सहा महिन्यांनी.

कार्ड

बजेटचा मोठा वाटा इथेच जायला हवा. १०८०पी स्क्रीनसाठी या पट्ट्यात प्रामुख्याने चार नावं येतात.

आरटीएक्स ३०५० च्या दोन आवृत्त्या आहेत आणि खोकी दिसायला सारखीच. ८ जीबीवाल्याला १२८ बिट मेमरी बस आणि १३० वॅट लागतात. ६ जीबीवाल्याला ९६ बिट बस आणि ७० वॅट. ६ जीबीचं कार्ड बऱ्यापैकी हळू आहे. त्याची खरी जागा एकच: ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड पीसी, ज्याचा एसएमपीएस लहान आणि वेगळ्या पिनांचा असतो. या कार्डाला बहुधा वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून ते तिथे चालतं. बाकी कोणी ते घेऊ नये.

आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी मेमरी आहे, १३२ वॅट आणि ८ पिनची एक केबल लागते. साध्या गेमिंगमध्ये ते ३०५० च्या दोन्ही आवृत्त्यांच्या स्पष्ट पुढे आहे. किंमत वीस हजारांच्या आतबाहेर मिळाली तर या बजेटमध्ये आमची पसंती यालाच. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं एनव्हीडियाचं डीएलएसएस यात नाही, एएमडीचं एफएसआर आहे. ब्लेंडरसारखी थ्रीडी कामं करणाऱ्यांना मात्र एनव्हीडियाच सोयीचं.

आरटीएक्स ४०६० जास्त वेगवान आणि ११५ वॅटमध्ये गार राहणारं. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत बसून खेळणाऱ्याला याचं महत्त्व कळेल. पण ते घेतलं की प्रोसेसर आणि एसएमपीएससाठी पैसे उरत नाहीत. प्रोसेसर आधीच बदललेला असेल तरच विचार करा.

इंटेल आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी बघून मोह होतो. जुन्या प्रोसेसरवर ते कार्ड लावू नका. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. २६०० वर ते फार मागे पडतं आणि ५६०० वरही काही गेममध्ये फटका बसतो. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर आणखी वाईट.

एक तांत्रिक बाब इथे महत्त्वाची आहे. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे आणि आरएक्स ६६०० व ४०६० त्याच्या फक्त ८ लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. ८ जीबी मेमरी पुरते तोवर नुकसान किरकोळ असतं. टेक्स्चर अल्ट्रावर ठेवून मेमरी ओसंडली की खेळ झटके देत चालतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. ४ लेनची आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० या बोर्डावर घेऊच नका.

सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० स्वस्त मिळतं. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून शेडरचा (कार्डातल्या गणना करणाऱ्या घटकांचा) आकडा बघा: २३०४ हवा. २०४८ असेल तर ते जवळपास ५७० च आहे.

एसएमपीएस आणि रॅम

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका, लेबलवरचा १२ व्होल्टचा अँपिअर आकडा बघा. ३६ अँपिअर म्हणजे ४३२ वॅट. स्वस्त एसएमपीएसवर तो बराच कमी असतो. भार वाढला की पीसी खेळता खेळता थेट रिस्टार्ट होतो आणि लोक कार्डाला दोष देतात. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज-कार्यक्षमतेचा दर्जा) असलेला, ८ पिनची स्वतःची केबल असलेला घ्या. मोलेक्समधून (जुन्या ४ पिनच्या जोडातून) ८ पिन बनवणारा जोड वापरू नका, तो वितळू शकतो. जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह जळते. जुन्या चाळीत कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

रॅमसाठी आणखी एक ८ जीबी, शक्यतो त्याच वेगाची. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर धावत राहते. समुद्राच्या हवेने पिनांवर थर येतो. पीसी डिस्प्ले देत नसेल तर रॅम काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा.

प्रोसेसर बदलताना

जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायोस अपडेट करा. एफएटी३२ केलेला पेनड्राइव्ह, बोर्डाच्या नेमक्या आवृत्तीची फाइल, आणि पीसी यूपीएसवर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, गेमच्या भारावर तो दमतो, पण बायोससाठी पुरतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. नव्या प्रोसेसरसोबत टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) रीसेट करायचा का, असं बोर्ड विचारतो, तेव्हा ती की लागू शकते.

कूलर उचलण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ ओढला तर एएम४ चा, म्हणजे बी४५० च्या सॉकेटचा, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

रिसायझेबल बारसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची बायोसमधली सोय) बंद करावं लागतं. विंडोज एमबीआर (जुन्या पद्धतीच्या विभागणीच्या) डिस्कवर असेल तर त्यानंतर ते उठत नाही. आधी mbr2gpt या विंडोजच्याच साधनाने, म्हणजे एमबीआरटूजीपीटीने, डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीची) करून घ्या, आणि त्याआधी बॅकअप.

लॅमिंग्टन रोडवर

लॅमिंग्टन रोड हा मुंबईतला कॉम्प्युटरच्या भागांचा बाजार. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. ऑनलाइन भाव फोनवर काढून ठेवा आणि किमान तीन दुकानांत विचारा. १८ टक्के जीएसटी धरून भाव मागा. बिलाशिवायचा भाव कमी असतो, पण वॉरंटीच्या वेळी तेच बिल लागतं. बिलावर सीरियल नंबर आलाय ना, तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी जुळतोय ना, तिथेच तपासा. जुळवणी दुकानातच करून घेतलीत तर कॅबिनेट लोकलने नेताना कार्ड काढून वेगळ्या खोक्यात ठेवा, गर्दीच्या धक्क्याने स्लॉट तुटतो. भाग खराब निघाला तर दुकान स्वतः किती दिवसांत बदलून देईल आणि त्यानंतर सर्व्हिस सेंटरला कोणी जायचं, हे विचारून बिलावरच लिहून घ्या.