यान गारबारेक : टेनरवर लागलेला सूर

गायकाबद्दल बोलताना आपण ‘सूर लागला’ म्हणतो, तेव्हा तयारी, तानेचा दाणा, रागाची मांडणी या सगळ्यांच्या आधी यावी लागणारी एक गोष्ट आपल्या मनात असते. नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गारबारेक यांची ध्वनिमुद्रणे गेले काही आठवडे क्रमाने ऐकताना हा शब्दप्रयोग वारंवार आठवत राहिला. अमेरिकन जॅझवादक जॉन कोलट्रेन यांच्यानंतरचे बरेच टेनरवादक (टेनर म्हणजे खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन) ओळखू यायला चार-दोन ओळी वाजाव्या लागतात. गारबारेक पहिल्या लांब सुरातच ओळखू येतात. तो सूर किंचित खालून उचलला जातो, आपल्या जागी पोहोचल्यावर तिथे ठाम उभा राहतो आणि संपताना त्याची धार बोथट होत नाही. मात्र हे वर्णन मुख्यतः त्यांच्या टेनरला लागू पडते. पुढच्या काळात त्यांनी वरच्या पट्टीचा सोप्रानो सॅक्सोफोन फार जवळ केला, आणि माझ्या मते त्यात त्यांचे थोडे नुकसानच झाले.

गारबारेक यांचा जन्म १९४७ सालचा, नॉर्वेमधल्या मीसेन गावचा. आई नॉर्वेजियन आणि वडील पोलंडहून युद्धकैदी म्हणून आलेले, त्यामुळे वयाच्या सातव्या वर्षापर्यंत या मुलाला कोणत्याच देशाचे नागरिकत्व नव्हते. चौदाव्या वर्षी रेडिओवर कोलट्रेन कानावर पडला आणि त्याने सॅक्सोफोनचा हट्ट धरला. वाद्य हाती येईपर्यंत तो पुस्तकात पाहून बोटे बसवत होता. पुढे अमेरिकन संगीतकार जॉर्ज रसेल स्कँडिनेव्हियात असताना त्यांच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. म्युनिकच्या मानफ्रेड आयशर यांनी १९६९ साली ईसीएम ही ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ऑस्लोमध्ये गारबारेक यांचा ‘आफ्रिक पेपरबर्ड’ मुद्रित केला. गिटारवर तेर्ये रिप्डाल, बासवर आरिल्ड आंदेरसेन आणि ड्रम्सवर यॉन क्रिस्तेनसेन अशी चौकडी होती. यातला टेनर खरखरीत आहे, किंचाळतो, मध्येच गुरगुरतो. इतिहास म्हणून हा अल्बम महत्त्वाचा आहे, पण गारबारेक यांची पहिली ओळख याच्यापासून करून घेऊ नये. पुष्कळ जण इथूनच माघारी फिरतात.

सुरुवात करायची तर ती ‘विची-ताय-तो’पासून. हा १९७३ सालचा अल्बम असून पियानोवर बोबो स्टेन्सन, बासवर पाल्ले डॅनिएल्सन आणि ड्रम्सवर पुन्हा क्रिस्तेनसेन आहेत. शेवटची रचना ‘डिझायरलेस’ अमेरिकन ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांची आहे. गारबारेक यांना नॉर्वेच्या लोकसंगीताकडे वळून पाहायला ज्यांनी सुचवले ते हेच चेरी, त्यामुळे या निवडीत थोडी परतफेडही असावी. चेरींनी लिहिलेली धून अगदी लहान, पण तिचा विस्तार इथे वीस मिनिटे चालतो. या वीस मिनिटांत गारबारेक काय करत नाहीत ते आधी ऐकावे. ते भरभर वाजवून जागा भरत नाहीत. दोन-तीन सुरांचा एक तुकडा मांडतात, थांबतात, पियानो आणि झांजा पुढे सरकू देतात, मग तोच तुकडा थोडा वरून मांडतात. ख्यालातल्या बढतीची सवय असलेल्या कानाला ही रीत परकी वाटू नये. तारेच्या स्वरांवर पोहोचल्यावर मात्र टेनर जवळजवळ हाक मारल्यासारखा वाजतो, आणि त्या हाकेत ‘आफ्रिक पेपरबर्ड’मधला खरखरीतपणा पुरता गेलेला नाही हे लक्षात येते. तो आता आवरून धरला आहे, एवढाच फरक. क्रिस्तेनसेन यांच्या वादनाकडेही कान द्यावा: ते ठेका धरून बसत नाहीत, लय झांजांवर पसरून देतात आणि ती हरवली असे वाटू लागले की नेमकी हाताशी आणून ठेवतात.

एप्रिल १९७४ मध्ये हेच डॅनिएल्सन आणि क्रिस्तेनसेन सोबत घेऊन अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट यांनी ऑस्लोमध्ये ‘बिलाँगिंग’ मुद्रित केला, आणि टेनरवर अर्थातच गारबारेक होते. नेतृत्व, रचना सगळे जॅरेट यांचे असूनही हा अल्बम मी गारबारेक यांच्या सर्वोत्तम कामात धरतो. जॅरेट यांचा पियानो भरगच्च, उतावळा, एका कल्पनेवरून दुसरीवर उडी मारणारा. त्याच्या शेजारी टेनर सरळ, जवळजवळ हट्टी. ‘सोल्स्टिस’ या संथ रचनेत हा विरोध फार सुंदर उतरला आहे. त्या मानाने १९७७ सालचा ‘माय साँग’ अधिक लोकप्रिय आहे, अधिक गोडही आहे, आणि मला वाटते तो त्या गोडपणामुळेच थोडा लवकर संपतो. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये १९७९ साली झालेल्या मैफलींचा ‘न्यूड अँट्स’ त्यापेक्षा मोकळा आणि खडबडीत आहे.

‘डिस’ची गोष्ट निराळी. गारबारेक आणि गिटारवादक राल्फ टाउनर यांच्या या १९७६ सालच्या अल्बममध्ये वाऱ्याने आपोआप वाजणारी तारांची वीणा वापरली आहे. तिचा गुंजारव तंबोऱ्यासारखा अखंड आहे, पण तंबोऱ्यासारखा एका ठिकाणी राहत नाही. वारा वाढला की तो फुगतो, पडला की विरतो. अशा आधारावर वाजवताना वादकाला आपला षड्ज आपणच सांभाळावा लागतो. गारबारेक तो इतक्या निश्चिंतपणे सांभाळतात की एरवी केवळ गंमत वाटली असती ती कल्पना रचनेचा कणा होऊन बसते. हा अल्बम कामे करता करता लावून ठेवण्याचा नाही. तसा लावला तर त्यात काहीच घडत नाही असे वाटेल, आणि दोष ऐकणाऱ्याचा असेल.

१९८० नंतरच्या काही अल्बमांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सिंथेसायझरचे मऊ थर, तुळतुळीत प्रतिध्वनी आणि त्यावर सोप्रानोची सुरेल ओळ असा एक साचा तयार झाला. ‘ट्वेल्व्ह मून्स’ आणि ‘व्हिजिबल वर्ल्ड’मध्ये चांगल्या जागा निश्चितच आहेत, पण सलग ऐकताना एक रचना संपून दुसरी कधी सुरू झाली ते कळत नाही. ज्या वादकाच्या एका सुराला इतके वजन आहे, त्याच्या सुराखाली एवढ्या गाद्या कशासाठी घालायच्या?

याच काळातली त्यांची आणखी एक वाट आपल्या कानांना अधिक जवळची आहे. व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’मध्ये गारबारेक यांच्यासोबत झाकीर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू आहेत. झाकीर हुसेन यांच्या १९८७ सालच्या ‘मेकिंग म्युझिक’मध्ये गारबारेक यांच्याखेरीज हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि जॉन मॅक्लॉफलिन यांची गिटार आहे. दुसऱ्या अल्बममध्ये चौघेही एकमेकांना इतके सांभाळून घेतात की पाहुणचार संपून गप्पा रंगायला वेळ लागतो. खरे काम झाले ते ‘रागाज अँड सागाज’मध्ये. पतियाळा घराण्याचे पाकिस्तानी गायक उस्ताद फतेह अली खाँ, सारंगीवर नाझिम अली खाँ, तबल्यावर शौकत हुसेन असा हा १९९० साली ऑस्लोत मुद्रित झालेला आणि १९९२ साली प्रकाशित झालेला अल्बम आहे. कळा असलेल्या वाद्यावर मींड घेणे मुळात अवघड. ओठांचा दाब आणि श्वास यांवरच सगळी मदार. गारबारेक सारंगीची नक्कल करण्याच्या मोहात पडत नाहीत. उस्तादांचा आलाप जिथे टेकतो तिथला स्वर ते घेतात, त्याला किंचित वाकवतात आणि आपला एखादाच वाक्यांश म्हणून मागे सरतात. गायकाच्या मागे कितपत वाजवावे हे कळणारा साथीदार आपल्याकडेही रोज भेटत नाही.

सर्वाधिक गाजलेला अल्बम अर्थातच १९९४ सालचा ‘ऑफिचियम’. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ऑस्ट्रियातल्या एका मठात चार गायकांचे हिलियर्ड आँसाम्बल जुने धर्मसंगीत गाते आणि गारबारेक त्यावर उत्स्फूर्त वाजवतात. सॅक्सोफोनची ही घुसखोरी आहे, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संगीतकार मोरालेस यांची ‘पार्चे मिही’ ही रचना अल्बमच्या आरंभी ऐकावी: चार आवाजांच्या मधल्या फटीतून सॅक्सोफोन असा वर येतो की तो पाचवा गायकच वाटतो. इतरत्र मात्र काही ठिकाणी तो गरजेपेक्षा जास्त बोलतो, आणि गायकांचे शब्द त्याच्या मागे पुसट होतात. गारबारेक आणि हिलियर्ड यांची ही साथ ‘रिमेंबर मी, माय डिअर’पर्यंत टिकली. तो अल्बम २०१९ साली आला, पण तो हिलियर्डच्या निरोपाच्या वर्षातल्या, २०१४ सालच्या मैफलीचा आहे.

एवढ्या कारकिर्दीत स्वतःच्या वाद्यवृंदाची मैफल गारबारेक यांनी फार उशिरा प्रसिद्ध केली. २००७ साली मुद्रित झालेला ‘ड्रेस्डेन’ हा जोड-अल्बम २००९ साली आला. स्टुडिओतल्या गाद्या इथे बऱ्याच कमी झाल्या आहेत, मनू काचे यांचे ड्रम्स अंगावर येतात आणि टेनर पुन्हा दात दाखवतो. मैफलीची सुरुवात होते ‘पेपर नट’ने, म्हणजे एल. शंकर यांच्या त्या जुन्या अल्बममधल्याच रचनेने. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ लावून पाहावीत: पहिल्यात तबल्यासोबत जपून टाकलेली पावले आहेत, आणि दुसऱ्यात साठीचा वादक तीच धून समोरच्या श्रोत्यांवर थेट फेकतो आहे.