महालातील एका वाचनालयाचा बालविभाग : दोन महिन्यांचा अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा वर्षांच्या मुलीसाठी नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या शासनमान्य वाचनालयाच्या बालविभागाची वर्गणी भरली. येथे गोष्टींची पुस्तके खालच्या दोन खणांत, उघड्या कपाटात, मुलांच्या हाताला येतील अशी ठेवलेली आहेत. परतीच्या तारखेचा शिक्का मुलीने स्वतः मारायचा हट्ट धरला, तेव्हा देवघेवीच्या टेबलावरील बाईंनी तो निमूटपणे तिच्या हाती दिला. घरी येईपर्यंत ती जांभळा अंगठा मिरवत होती. पान फाटल्याचे सांगितले तर दंड आकारण्याऐवजी बाई खळ काढून ते चिकटवतात.

हे कौतुक मला जरा अधिकच वाटते, कारण मुलीच्या शाळेतली पुस्तके मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात आणि १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, छायाचित्रापुरती बाहेर येतात. वर्गशिक्षकांना विचारले, तर पुस्तके जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवलेली असल्यामुळे एखादे हरवल्यास भरपाई आपल्यालाच करावी लागेल, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. सार्वजनिक वाचनालयांसाठी राज्याचा १९६७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि अ ते ड या वर्गवारीनुसार त्यांना अनुदानही मिळते. शाळांसाठी मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय प्रत्येक शाळेत असावे, एवढेच म्हटले आहे. ती पुस्तके मुलांना घरी न्यायला मिळावीत, असे त्या तरतुदीत कुठेही नाही. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायस या सरकारी प्रणालीच्या माहितीपत्रकात ग्रंथालय आहे का आणि पुस्तके किती, हे विचारले जाते, त्यामुळे कुलूपबंद कपाटही कागदोपत्री उत्तीर्ण होते.

वाचनालयात उणिवा आहेतच. विज्ञानाच्या खणात प्लूटो अजून नववा ग्रह आहे. ‘किशोर’चे अंक मिळतात, पण सलग नाहीत. एका वेळी एकच पुस्तक देण्याचा नियम, जे मूल एका संध्याकाळीत पुस्तक संपवते त्याला जाचक ठरतो. मे महिन्यात कूलरचा आवाज इतका, की बसून वाचण्यापेक्षा पुस्तक घेऊन निघणेच बरे.

तरीही वर्गणी पुढे चालू ठेवली आहे. शाळा उघडल्यावर बालविभागाची संध्याकाळी पाच ते सात ही वेळ शिकवणीच्या वेळेशी भिडणार असल्याने रविवारी सकाळी बालविभाग उघडावा, असा अर्ज तेथील सूचनापेटीत टाकून आलो आहे.