एकट्या डेव्हलपरचं २०२६: सोसायटीचा हिशोब, फॉन्ट कन्व्हर्टर की मुळाक्षरांचं अ‍ॅप?

२०२६ साठी माझ्याकडे तीन प्रॉडक्ट रांगेत आहेत आणि काम करणारा मी एकटा. तिन्हींचे प्रोटोटाइप चालतात, तिन्ही लोकांना दाखवून झालेत, तिन्हींना पैसे देऊ म्हणणारी माणसं भेटलीत, म्हणूनच निवडणं अवघड झालं होतं. महिनाभर वहीत शेजारी शेजारी लिहून काढलं ते इथे टाकतोय, कारण नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी करणारे किंवा करायचं ठरवणारे बरेच जण वर्षाअखेरीला याच जागी अडकलेले असतात.

एक म्हणजे हाउसिंग सोसायटीच्या हिशोबाचं वेब सॉफ्टवेअर, बिलं, थकबाकी, व्याज, ऑडिटचे रिपोर्ट, वर्षाची फी. दुसरा विंडोजवर चालणारा फॉन्ट कन्व्हर्टर, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा, पैसे एकदाच. तिसरं लहान मुलांना मुळाक्षरं गिरवायला शिकवणारं मोबाइल अ‍ॅप, मुख्यतः परदेशातल्या मराठी घरांसाठी, सबस्क्रिप्शनवर.

अ‍ॅपचं आधी उरकतो. दाखवलं की सगळ्यांना आवडतं, माझ्या भाचीने तर ळ गिरवायचा हट्टच धरला. सुरुवातीचा खर्च पण कमी, गूगल प्लेचे एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचे दर वर्षी ९९ डॉलर, आणि छोट्या डेव्हलपरकडून दोघंही विक्रीचे १५ टक्के घेतात. पण नोव्हेंबर २०२३ नंतर प्लेवर पर्सनल अकाउंट उघडलं असेल तर अ‍ॅप पब्लिक करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात (आधी २० लागायचे, ते कमी केले). शिवाय पर्सनल अकाउंटवरून पैसे घेणारं अ‍ॅप टाकलं की तुमचा पूर्ण पत्ता प्लेवर सगळ्यांना दिसतो, आणि घरून काम करणाऱ्याचा पत्ता म्हणजे घरचाच, तेव्हा घरच्यांशी आधी बोलून घ्या. मुलांचं अ‍ॅप म्हणून फॅमिलीजची वेगळी पॉलिसी लागू होते, जाहिराती लावायच्या तर त्यातही मोजक्याच एसडीके (जाहिराती दाखवणारा तयार कोड) चालतात.

माझ्यासाठी खरी अडचण दुसरीच आहे. हे अ‍ॅप ज्यांना हवंय ते अमेरिकेत आहेत, मराठी शाळेत शनिवार-रविवारी मुलांना नेणारे आईवडील, आणि त्यातल्या ज्यांच्याशी मी बोललो त्यांच्या घरी आयपॅड आहे. म्हणजे नुसतं अँड्रॉइड करून भागणार नाही, मॅक घ्यायचा, दोन प्लॅटफॉर्म सांभाळायचे, आणि दर वर्षी गूगलची टार्गेट एपीआयची अट (अ‍ॅप अँड्रॉइडच्या नव्या व्हर्जनसाठी जुळवून घ्यायची) येतेच, २०२५ मध्ये ३१ ऑगस्टपर्यंत अपडेटसाठी अँड्रॉइड १५ टार्गेट करायला लावलं. तुम्ही अ‍ॅपमध्ये एक ओळ नवीन लिहिली नाही तरी वर्षातले काही आठवडे त्याच्या देखभालीत जातात. टीम असेल तर हे काही नाही, एकट्याला जाणवतं.

आता फॉन्ट कन्व्हर्टर, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे काम माझ्या जिवाभावाचं आहे. आपल्याकडे प्रेसमध्ये, प्रकाशकांकडे, वकिलांच्या ऑफिसात, संस्थांच्या स्मरणिकांमध्ये वीस-तीस वर्षांचा मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएममधल्या डीव्हीबी-टीटी फॉन्टमध्ये पडून आहे. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि इतर चिन्हांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असतात, म्हणजे स्क्रीनवर तुम्हाला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी कचराच असतो. शोधता येत नाही, वेबसाइटवर टाकता येत नाही, फॉन्ट हरवला की मजकूर हरवला.

ऑनलाइन फुकट कन्व्हर्टर आहेत की, मग पैसे कोण देणार, असं मला पण सुरुवातीला वाटायचं. पण एकदा खऱ्या फाइलवर चालवून बघा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं, आणि हे जोडाक्षरांवर आलं की साधी शोधा-बदला टाइपची कन्व्हर्टर गडबडतात. ऱ्य आणि र्य मधला फरक तर बरेच जण धरतच नाहीत. आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला आणि आचार्यास म्हणजे गुरूला, दऱ्या म्हणजे खोल दरी आणि दर्या म्हणजे समुद्र, हे हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या टूलला कळणार कसं. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे मिश्र मजकूर. एकाच परिच्छेदात मराठी शब्द कृतिदेवमध्ये आणि मधेच कंपनीचं नाव टाइम्स न्यू रोमनमध्ये. नुसता मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकला की इंग्रजी शब्दाचं पण भलतंच मराठी होतं. माझं टूल वर्डची फाइल तुकड्या-तुकड्याने वाचतं, प्रत्येक तुकड्याला कुठला फॉन्ट लावलाय ते बघतं आणि इंग्रजीला हात लावत नाही, टेबल आणि तळटीपा जागच्या जागी राहतात. ऑपरेटरचा दिवस वाचतो तो याच्यामुळे, आणि पैसे मिळतात ते पण याचेच.

अडचणी सांगतो. गिऱ्हाइकांचे पीसी जुने आहेत, विंडोज ७ वाले पण आहेत, त्यामुळे इलेक्ट्रॉन (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं टूल) बाद (२३ व्या व्हर्जनपासून ते विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही), मी सी शार्प आणि डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर केलंय. सही नसलेली सेटअप फाइल उघडली की विंडोज निळी वॉर्निंग दाखवतं आणि प्रेसवाला तिथेच फोन करतो, म्हणून कोड साइनिंग सर्टिफिकेट घ्यायचं, त्याची चावी जून २०२३ पासून टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरवरच ठेवावी लागते, तो खर्च पुन्हा पुन्हा येणार. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली थेट वाचता येत नाहीत, आधी मजकूर आरटीएफमध्ये काढून घ्यावा लागतो, आणि पेजमेकरचं शेवटचं मोठं व्हर्जन २००१ चं असलं तरी त्यातल्या फाइली अजून निघतात. आणि एकदाच पैसे म्हणजे खरंच एकदाच. ३ हजाराला एक प्रत धरली तर १०० प्रतींचे ३ लाख, पुढच्या वर्षी नवीन १०० शोधा. प्रकाशकांची जुनी पुस्तकं पानाच्या हिशोबाने कन्व्हर्ट करून द्यायचं काम मिळतं, ते मी घेणार आहे, पण तो जॉबवर्क झाला, प्रॉडक्ट नाही, हे लक्षात ठेवून.

सोसायटीच्या सॉफ्टवेअरचं गणित कागदावर सगळ्यात चांगलं दिसतं. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था लाखाच्या वर आहेत, प्रत्येकीला हिशोब ठेवावाच लागतो, आणि फी दर वर्षी येते. पण यात कोड कमी आणि नियम जास्त आहेत. थकबाकीवर व्याज आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त २१ टक्के आणि तेही सरळव्याज, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (फ्लॅट भाड्याने दिला की लागणारे) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाहीत, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का वर्षाला. हे सोपं. मग जीएसटी. सोसायटीची उलाढाल २० लाखांच्या वर आणि मेंबरची महिन्याची वर्गणी ७,५०० च्या वर गेली की कर, पण कर पूर्ण रकमेवर की फक्त ७,५०० च्या वरच्या रकमेवर? २०१९ च्या सर्क्युलरमध्ये पूर्ण रकमेवर म्हटलंय आणि २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टाने फक्त वरच्या रकमेवर म्हटलं. असल्या जागी डेव्हलपरने स्वतः निर्णय घ्यायचा नाही, सेटिंग द्यायचं आणि सीएला ठरवू द्यायचं, हे मी शिकलोय.

शिकलो ते असं. एका सोसायटीत ट्रायल चालू होता, मेंबरने अर्धवट रक्कम भरली तर ती आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात हे मी माझ्या मनाने धरलं होतं आणि त्यांची जुनी पद्धत उलटी होती. सहा जणांच्या बिलात शंभर-दोनशे रुपयांचा फरक आला. रक्कम काही नव्हती पण त्या सहा जणांनी सेक्रेटरींना जिन्यात गाठलं, सेक्रेटरींनी मला रात्री साडेदहाला. चूक माझीच होती आणि त्या गृहस्थांना विनाकारण बोलणी बसली याचं मला आजही वाईट वाटतं. कन्व्हर्टरमध्ये बग आला तर एका ऑपरेटरचं एक पान बिघडतं, तो फोन करतो, मी दुरुस्त करतो. हिशोबात बग आला तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद लागतो. हा फरक वहीत आकड्यात लिहिता येत नाही पण माझ्यासाठी तो सगळ्यात वजनदार ठरला.

पैशाची वसुली पण बघा. वेबवर वर्षाची फी म्हटलं की आपल्याला वाटतं कार्ड लावलं, ऑटोपे लागला, १५ हजारांपर्यंत ओटीपी पण नको, संपलं. सोसायटीच्या खात्याला हे लागू पडत नाही. तिथे कमिटीची मीटिंग होणार, खर्च मंजूर होणार, चेकवर दोन सह्या होणार, त्यातले एक जण गावाला गेलेले असणार. रिन्युअल म्हणजे प्रत्येक वेळी नवीन विक्रीच. आणि कमिटी बदलली की नवीन सेक्रेटरींना सगळं पहिल्यापासून समजवायचं. म्हणून यात उतरणार असाल तर सेक्रेटरीच्या मागे जाऊ नका, पंधरा-वीस सोसायट्यांचे हिशोब लिहिणारे जे अकाउंटंट असतात त्यांना धरा, सेक्रेटरी बदलतात पण अकाउंटंट राहतात. मायगेट किंवा अ‍ॅडासारखी मोठी अ‍ॅप गेटपासून हिशोबापर्यंत सगळं देतात, त्यांच्याशी टक्कर देण्यापेक्षा ३०-४० फ्लॅटच्या बिनवॉचमनच्या सोसायट्या आणि त्यांचे अकाउंटंट हा आपला टापू.

जीएसटीचं तिन्हीकडे सारखंच, वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर नोंदणी लागत नाही, त्यावर गेलात की भारतातल्या विक्रीवर १८ टक्के, आणि तो सोसायटीला बहुतेक वेळा परत मिळत नाही म्हणजे त्यांच्यासाठी तुम्ही तेवढे महाग झालात. डेटाचं मात्र सारखं नाही. सोसायटीत लोकांची नावं, फोन, थकबाकी सगळं माझ्या सर्व्हरवर, आणि डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, मुख्य बंधनांना १८ महिने दिलेत, म्हणजे २०२६ हे तयारीचंच वर्ष. मुलांच्या अ‍ॅपला तर आईवडिलांच्या संमतीचं प्रकरण आणखी कडक. कन्व्हर्टर ऑफलाइन चालतो, माझ्याकडे कुणाचं काही येतच नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर पण माझा प्लॅन होता की एक मुख्य आणि एक साइडला, दोन्ही करू. तो प्लॅन मोडला कॅलेंडरने, आणि ही गोष्ट मी कुणी ठरवत असेल तर सगळ्यात आधी करायला सांगेन: बारा महिने आडवे मांडा आणि गिऱ्हाईक कुठल्या महिन्यात ओरडणार ते लिहा. सोसायटीचं ऑडिट ३१ जुलै, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे जून ते सप्टेंबर फोन चालू. अ‍ॅपचं गूगलचं काम ऑगस्टअखेर आणि अमेरिकेतल्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात, नवे आईवडील तेव्हाच येणार. कन्व्हर्टरची गर्दी दिवाळी अंकांची, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे दिवाळी उशिरा, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे प्रेसची धावपळ ऑगस्टपासून पार ऑक्टोबरपर्यंत. मधे १४ सप्टेंबरला गणपती. तिन्ही प्रॉडक्ट पावसाळ्यातच अंगावर येतात. जानेवारीत बसून दोन्ही होतील असं वाटतं कारण जानेवारीत दोघांचंही गिऱ्हाईक शांत असतं.

तर माझं ठरलंय, २०२६ फक्त कन्व्हर्टर. पण तुमच्या घरात किंवा मित्रांत कुणी कॉमर्सचा माणूस असेल जो फोन घेईल आणि नियम सांभाळेल, तर मी सोसायटीचंच सांगेन, वर्षाची फी ती वर्षाची फी आणि तिसऱ्या वर्षी ती तुम्हाला सांभाळते. तुम्ही आधीच आयओएसवर काम केलेलं असेल आणि सोबत चित्रं काढणारं कुणी असेल तर अ‍ॅप, आणि मग अँड्रॉइडच्या आधी आयपॅड. एकटे असाल, सपोर्टचा ताण सहन होत नसेल, तर जे ऑफलाइन चालतं, ज्यात दुसऱ्याचा पैसा किंवा डेटा तुमच्याकडे पडून राहत नाही असं काहीतरी शोधा, मग मार्केट लहान असलं तरी चालेल.

मार्चपर्यंत श्रीलिपीच्या राहिलेल्या सिरीज, एप्रिल-मे दोन प्रेसमध्ये बीटा, जूनमध्ये विक्री, १५ जुलैला कोड फ्रीझ, मग दिवाळी होईपर्यंत फक्त बग आणि फोन. नोव्हेंबरच्या शेवटी किती प्रती गेल्या ते मोजायचं आणि तेव्हाच पुढचं बोलायचं.

सोसायटीचं प्रोटोटाइप जे अकाउंटंट काका वापरत होते त्यांना मी परवा फोन केला आणि या वर्षी पुढे नेणार नाही हे सांगितलं. त्यांच्या चार सोसायट्यांचा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दिला, शिलकी जुळतायत का ते दोघांनी बसून तपासलं, संध्याकाळी साडेसातला शेवटची सोसायटी जुळली. ते म्हणाले, पुढच्या एप्रिलच्या आधी करणार असशील तर मला जानेवारीत सांग, ओपनिंग बॅलन्स टाकायला मला दोन महिने लागतात. जानेवारी २०२७ च्या पानावर त्यांचं नाव लिहून ठेवलंय.